देवयानीचे हात टेलिस्कोपमधून का दिसत नाहीत, आणि मुळात ते हात म्हणजे काय

तुमचे प्रश्न दोन आहेत. कोथरूडच्या गच्चीतून सहा इंची टेलिस्कोपने देवयानी दीर्घिका (एम ३१) बघितली तर नुसता पुसट डाग दिसला, मग फोटोतले ते सर्पिल हात गेले कुठे, हा एक. आणि दीर्घिका इतकी वर्षं फिरतेय तर हात चकलीसारखे गुंडाळले का जात नाहीत, हा दुसरा. पहिल्याचं आधी सांगतो, कारण त्यात टेलिस्कोपची काही चूक नाहीये, प्लीज तो परत करायला जाऊ नका.

देवयानी आकाशात जवळपास ३ अंश पसरलीये, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने लावले तर होईल तेवढी. तुमच्या २५ एमएमच्या आयपीसमधून एका वेळी जेमतेम १ अंश दिसतो, त्यामुळे तुम्ही बघितलात तो फक्त तिचा मधला फुगवटा. त्यात ती आपल्याला जवळजवळ कडेने दिसते, ताट डोळ्यासमोर आडवं धरल्यासारखी, त्यामुळे हात एकमेकांवर चढतात, आणि बाकीची फिकट तबकडी पुण्याच्या उजेडात बुडून जाते. मी पहिल्यांदा सोसायटीच्या गच्चीतून दाखवली तेव्हा बायको म्हणाली, "काच पुसलीयेस ना?" आता यावर काय बोलणार. पण तिलाच नंतर पानशेतच्या पुढे अंधारात साध्या दहा बाय पन्नासच्या बायनॉक्युलरमधून दाखवली तर म्हणाली, अरे ही तर लांबलचक आहे. रंग मात्र तिथेही दिसत नाही, इतक्या मंद उजेडात आपले डोळे रंग ओळखतच नाहीत, ते काम कॅमेऱ्याचं.

आता रचना. घरात जुनी सीडी असेल तर हातात घ्या. १२ सेंटीमीटर रुंद, १.२ मिलिमीटर जाड. आपल्या आकाशगंगेची तबकडी साधारण १ लाख प्रकाशवर्षं रुंद आणि १ हजार प्रकाशवर्षं जाड, प्रमाण तेच. सीडीच्या भोकात एक छोटं बोर बसवा, तो फुगवटा, तिथे बहुतेक म्हातारे पिवळसर तारे. (आपल्याकडे मधून एक दांडाही जातो, तो सध्या सोडा.) सूर्य मध्यापासून साधारण २६ हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे सीडीच्या अर्ध्या वाटेवर. सीडीच्या भोवती सगळीकडे विरळ प्रभामंडळ, त्यात दीडशेच्या वर गोलाकार तारकागुच्छ. आणि या सगळ्याला धरून ठेवणारं, डोळ्यांना न दिसणारं डार्क मॅटर, त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे नको.

खरी गंमत हातांची. फोटो बघून सगळ्यांना वाटतं की तारे हातात आहेत आणि मधली जागा रिकामी, मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. रात्री सिंहगडावरून पुणे बघितलंय का? रस्ते उजेडाच्या रेघांसारखे दिसतात आणि मधले भाग काळे, पण म्हणून लोक काय फक्त रस्त्यावर राहतात का? काळ्या भागातही सोसायट्या आहेत, वाडे आहेत, तिथले दिवे मंद इतकंच. दीर्घिकेत तसंच, दोन हातांच्या मधेही तारे भरपूर आहेत, हातातल्यापेक्षा थोडेसेच कमी, पण हातात नवे निळे प्रचंड तारे असतात आणि असा एकेक तारा सूर्याच्या हजारो पट उजेड फेकतो, म्हणून डोळा तिथेच जातो.

आता चकली. आतले तारे फेरी लवकर पूर्ण करतात, बाहेरच्यांना जास्त वेळ लागतो. सूर्याला एका फेरीला साधारण २३ कोटी वर्षं लागतात, म्हणजे जन्मापासून त्याच्या २० एक फेऱ्या झाल्या. हात जर त्याच त्या ताऱ्यांचे बनलेले असते तर एवढ्यात इतके वेढे पडले असते की हात वेगळे ओळखूच आले नसते. पण खऱ्या दीर्घिकेत हाताचा एखादाच वेढा दिसतो, बऱ्याचदा तेवढाही नाही. १९६४ मध्ये लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी यावर सुचवलं की हात म्हणजे वस्तू नाही, ती गर्दीची लाट आहे. विसर्जन मिरवणुकीला बेलबाग चौकात उभे राहा. दुपारी बघा, रात्री बघा, गर्दी तिथेच, पण दुपारची मंडळं केव्हाच अलका चौकात पोचलेली असतात. तारे असेच हातात शिरतात, जरा रेंगाळतात, पुढे निघून जातात. फरक एवढाच की दीर्घिकेतला चौक स्वतःही फिरतो, पण (निदान आतल्या भागात तरी) ताऱ्यांपेक्षा हळू.

ताऱ्यांना या गर्दीचं काही वाटत नाही, फटका बसतो तो वायूला. तो मागून येऊन गर्दीवर आदळतो, दाबला जातो, म्हणून हाताच्या आतल्या कडेला धुळीची काळी रेघ दिसते. मग जरा पुढे गुलाबी ठिपके, तिथे दाबलेल्या वायूतून तारे जन्मताहेत, आणि त्यापुढे निळे तारे. त्यातले सगळ्यात मोठे ४०-५० लाख वर्षांत संपतातसुद्धा, हातातून बाहेर पडायला त्यांना वेळच मिळत नाही. पुढच्या वेळी एम ५१ या दुसऱ्या सर्पिल दीर्घिकेचा चांगला फोटो झूम करून हा क्रम शोधा, काळं, गुलाबी, निळं, एकदा दिसला की दर फोटोत दिसायला लागतो. सगळ्याच दीर्घिका इतक्या शिस्तीच्या नसतात हां, काहींत नुसते तुटक तुटक तुकडे असतात, आणि एम ५१ चे हात इतके ठसठशीत आहेत त्यात शेजारच्या छोट्या दीर्घिकेच्या ओढीचा मोठा हात आहे (कोटी ठरवून नाही केली). लाट नक्की किती काळ टिकते यावर तज्ज्ञांत अजून भांडणं आहेत. त्यात आपल्या पुण्यातल्याच एनसीआरए या खगोल संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या डेटात एक दोन हातांची व्यवस्थित सर्पिल दीर्घिका दाखवली, विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची, इतक्या लवकर अशी घडी बसेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. नाव ठेवलं अलकनंदा, मंदाकिनी नदीची बहीण म्हणून, कारण हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात.

तर हात डोळ्यांनीच बघायचे असतील तर देवयानीचा नाद सोडा, एम ५१ धरा. सर्पिल आकार सगळ्यात आधी दिसला तो तिथेच, १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांना, ७२ इंची आरशातून. तुमच्या सहा इंचीत दोन धुरकट गोळे शेजारी शेजारी दिसतील. हातांसाठी कुणाचा तरी दहा-बारा इंची डॉब (डॉब्सोनियन टेलिस्कोप) आणि खरा अंधार हवा. मार्च-एप्रिलमध्ये अमावास्येच्या आसपास सप्तर्षी वर आले की शेपटीच्या टोकाचा मरीची तारा पकडा, एम ५१ तिथून साडेतीन अंशांवर आहे. आयपीसला डोळा लावण्याआधी वीस मिनिटं मोबाईल खिशात ठेवा, आणि थेट बघू नका, नजर जरा बाजूला ठेवून बघा.