बटण दाबलं की झालं?

निफाडहून एका आईनं विचारलंय: मुलगा बारावी सायन्सला, घरची द्राक्षबाग आहे. त्याला फळांच्या साठवणुकीत काम करायचंय. फूड टेक्नॉलॉजी घ्यावी की बीएस्सी ॲग्री? भाऊबंद म्हणतात, ‘कोल्ड स्टोरेजला काय शिकायचं, बटण दाबलं की झालं.’

ताई, भाऊबंदांना सांगा, तुमच्या द्राक्षांना शून्य अंशाच्या आसपासची थंडी मानवते; त्याच खोलीत हिरवी केळी ठेवली तर साल करडी पडते आणि बाहेर काढून कितीही दिवस ठेवा, नीट पिकत नाहीत. केळीला 13-14 अंश लागतात, कच्च्या हापूस-केसरला साधारण 13. आठ अंशांवर राहिलेला आंबा खोलीत धडधाकट दिसतो. खड्डे आणि चट्टे उमटतात ते गाळ्यावर गेल्यावर, आणि मग भाव तुटतो.

पिकवणंही तसंच. रायपनिंग चेंबरमध्ये केळीला 16-18 अंश तापमान आणि हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग इथिलिन (फळ पिकवणारा वायू), एक-दोन दिवस. पण फळं श्वास घेतात; कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर गेला की इथिलिनचा असर मंदावतो आणि अर्धा माल हिरवाच राहतो. म्हणून ठरावीक वेळानं खोलीची हवा बदलावी लागते. नवशिके गॅस वाढवतात, दार उघडत नाहीत. (कार्बाइडवर बंदी आहे, त्याचा विचारही नको.)

ताजं फळ टिकवायचं असेल तर बीएस्सी हॉर्टिकल्चर किंवा ॲग्री. फूड टेक्नॉलॉजीचा ओढा पल्प, रस, प्रक्रियेकडे जास्त. थंडाव्याच्या यंत्रांत रस असेल तर ॲग्री इंजिनीअरिंग. पदवीनंतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची किल्ला-रोह्याची काढणीपश्चात व्यवस्थापन संस्था पाहा. तुमच्याच तालुक्यात लासलगावला विकिरण केंद्र आहे, म्हणजे मालावर किरणांचा मारा करून आतली कीड निकामी करायची जागा. 2007 साली अमेरिकेला आंबा पुन्हा जाऊ लागला, तो तिथून किरणांची किमान 400 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा घेऊन. कोयीतला भुंगा बाहेरून दिसत नाही, म्हणून ही सोय.

क्रेट उचलावे लागतील का? पहिलं वर्ष, हो. पहाटे गाडीतल्या फळात थर्मामीटरची सुई खुपसून गराचं तापमान लिहायचं कामही त्याच्याकडेच येईल. खोलीचं तापमान भिंतीवर दिसतं, गराचं नाही.

प्रवेशाआधी त्याला सहा कच्ची केळी द्या. तीन फ्रीजमध्ये चार दिवस ठेवून बाहेर काढायची, तीन पहिल्यापासून बाहेर. रोज सालीचा रंग, देठ आणि वजन वहीत लिहायला सांगा. आठव्या दिवशी वही भरलेली असेल तर हॉर्टिकल्चरचा फॉर्म भरा.