सर्वात वाईट सिनेमा? माझं मत 'आग'ला, 'गुंडा'ला नाही

प्रश्न असा आहे की आजवर पाहिलेला सर्वात वाईट सिनेमा कोणता आणि तो वाईट का. आतापर्यंतच्या उत्तरांत 'गुंडा', 'जानी दुश्मन : एक अनोखी कहानी', 'देशद्रोही' ही नावं पुन्हापुन्हा आली आहेत. नावं अपेक्षितच होती. पण 'का' या भागाकडे फारसं कोणी वळलेलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी 'गुंडा' (१९९८) बाजूला काढू. कांती शाहांचा हा सिनेमा गावंढळ आहे, अश्लील आहे, आणि एका प्रसंगाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. खलनायक एकेक करून पुढे येतात आणि यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतात. तरीही याला सर्वात वाईट म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पोस्टरवर जे दिसलं तेच आत मिळालं, आम्ही काही थोर करतोय असा आव कोणी आणला नाही. हॉस्टेलवर रात्री दोनला हा पिक्चर लावून संवाद कोरसमध्ये म्हणणारी पोरं वेडी नाहीत. तिकडे अमेरिकेत एड वुडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'चं असंच आहे. त्यातला नट बेला लुगोसी १९५६ साली वारला, हाताशी त्याचं थोडंसंच चित्रीकरण होतं, म्हणून उरलेल्या प्रसंगांत दुसराच माणूस तोंडावर झगा ओढून फिरवला. बावळटपणा खरा, पण त्यामागे सिनेमा काहीही करून पुरा करायचाच ही धडपडही आहे.

'जानी दुश्मन' (२००२) थोडा वेगळा. राजकुमार कोहलींनी 'नागिन' (१९७६) आणि पहिला 'जानी दुश्मन' (१९७९) हे तारे-तारकांनी खच्चून भरलेले सिनेमे चालवून दाखवले होते. तेच कालवण पाव शतकानंतर पुन्हा गरम केलं. त्यातल्या कॉलेजकुमारांची वयं पाहता त्यांना पदवीऐवजी पेन्शन मिळायला हवी होती. हसायला येतं, पण राग येत नाही.

मला राग कधी येतो, तर सिनेमा आपल्या मनातल्या एखाद्या जुन्या गोष्टीवर उधारी करतो आणि ती बुडवतो तेव्हा. उसनं घेण्यात वाईट काही नाही. खुद्द 'शोले'ने कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'कडून आणि पाश्चात्त्य वेस्टर्नपटांकडून भरपूर घेतलं. महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'ने (१९९३) खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची कल्पना 'चाइल्ड्स प्ले'वरून (१९८८) उचलली. पण तात्या विंचू बघताना त्या मूळ बाहुल्याची आठवण कोणाला येते? रामदास पाध्यांची बाहुली, 'ओम फट स्वाहा', आणि समोर लक्ष्याची तंतरलेली नजर. बाहुल्याची भीती वाटायची ती लक्ष्याला वाटायची म्हणून. 'झपाटलेला २' (२०१३) थ्रीडीत आला, बाहुला तोच होता, पण तोवर लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते, आणि तांत्रिक करामतीने ती जागा भरली नाही. वाईट नाही म्हणणार, पण पोकळ वाटला.

आता माझं उत्तर. 'राम गोपाल वर्मा की आग', ३१ ऑगस्ट २००७.

आधी नाव 'शोले'च ठेवायचं घाटत होतं. मूळ सिनेमाच्या हक्कांवरून प्रकरण कोर्टात गेलं आणि सिनेमाचं व पात्रांची नावं बदलावी लागली. २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हक्कभंगाबद्दल दहा लाखांचा दंडही ठोठावला. गब्बरचा बब्बन झाला, ठाकूरचा नरसिंहा, बसंतीची घुंगरू झाली आणि टांगा जाऊन रिक्षा आली. ही यादी सगळ्यांना पाठ आहे आणि तिच्यावर हसणं सोपं आहे. खरा घोळ त्याच्या खाली आहे.

पहिला घोळ जागेचा. रामगढला ठाकूरला दोन भुरटे चोर का आणावे लागतात? कारण गाव एकटं आहे. भोवती खडक आणि माळ, मदत यायला वेळ लागणार, डाकू कधीही घोड्यावरून येऊन धान्य नेणार. (बंगळूरजवळच्या रामनगरच्या त्या टेकड्या आजही पाहिल्या की गोष्ट निम्मी तिथेच कळते.) वर्मांनी ही गोष्ट उचलून मुंबईत आणली. ज्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस चौकी आहे, तिथे एका पोलीस अधिकाऱ्याला सूड घ्यायला दोन उडाणटप्पू पोरं कशाला लागतात? सिनेमा याचं पटेल असं उत्तर देत नाही. गोष्टीचा पायाच काढून घेतला, वरचे मजले मात्र तसेच ठेवले. आणि हे कोणी केलं, तर 'सत्या' आणि 'कंपनी' करणाऱ्या माणसाने! मुंबईतली टोळी कशी चालते, पोलीस कसा विचार करतो, हे हिंदी सिनेमात त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? 'सत्या' आला तो 'गुंडा'च्याच वर्षी, हे आठवलं की मला गंमत वाटते.

दुसरा घोळ बब्बनचा. 'शोले'त गब्बर तास उलटून गेल्यावर दिसतो. तोवर आपण फक्त त्याचं नाव ऐकलेलं असतं, त्याने काय काय केलंय याच्या खुणा पाहिलेल्या असतात. मग खडकावर घासत जाणारा पट्टा, बूट, आवाज, आणि शेवटी चेहरा. तो चेहरा १९७५ साली बहुतेक प्रेक्षकांना अनोळखी होता. अमजद खान नवा होता, त्यामुळे हा माणूस पुढच्या क्षणी काय करेल याचा कोणाला अंदाज नव्हता. 'आग'मध्ये तिथे बसवले अमिताभ बच्चन. अभिनय वाईट केला म्हणून नव्हे, पण ज्याला आपण बत्तीस वर्षं जय म्हणून ओळखतो, ज्याच्यासाठी टाकीवरच्या वीरूइतकंच मन हलतं, त्याची दहशत बसणार कशी? मेकअप, विस्कटलेले केस, चिरकं हसू हे सगळं त्या ओळखीवर चढवलेले थर वाटतात. मोहनलालचंही तेच. 'कंपनी'मधला त्यांचा पोलीस अधिकारी आठवा, किती कमी बोलून किती सांगून जातो. इथे त्यांना मूळच्या कापलेल्या हातांऐवजी कापलेली बोटं दिली आणि ठाकूरच्या शालीची भीषणता संपवून टाकली. शालीखाली काय आहे हे न दिसण्यात सगळी ताकद होती.

तिसरं, शांतता. 'शोले'त रात्री जया दिवे मालवत जाते, खाली अमिताभ माउथ ऑर्गन वाजवतो, संवाद एकही नाही. 'आग'मध्ये कॅमेरा एक क्षण गप्प बसत नाही. नाकपुड्यांत शिरतो, टेबलाखालून बघतो, आणि पार्श्वसंगीत तर सतत खेकसतंच.

याच रांगेत मी 'आदिपुरुष' (१६ जून २०२३) बसवतो. शेकडो कोटींचा खर्च, प्रत्येक चित्रपटगृहात हनुमानासाठी एक खुर्ची मोकळी ठेवायची घोषणा, आणि पडद्यावर हनुमानाच्या तोंडी गल्लीतली भाषा. प्रेक्षक भडकल्यावर संवाद बदलले, तिकीट दीडशे रुपयांवर आणलं. त्यातला रावण अजगरांकडून अंग रगडून घेतो, वटवाघळासारख्या प्राण्यावरून उडतो, आणि लंका सोन्याची असण्याऐवजी काळ्या खाणीसारखी आहे. मराठी माणसाला हे जास्त झोंबलं, कारण दिग्दर्शक ओम राऊत. 'लोकमान्य : एक युगपुरुष'मध्ये (२०१५) त्यांनी याहून कितीतरी कमी साधनांत टिळकांचा दरारा उभा केला होता. हनुमान झालेले देवदत्त नागेही आपले, घराघरांतले खंडोबा. त्यांच्या बाजूने सांगायचं तर जे हाती दिलं ते त्यांनी मनापासून केलं. पण ज्या भाषेत १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि बाबूजींनी छप्पन्न गाण्यांत, एकही चित्र न दाखवता, रामकथा उभी केली, त्या भाषेतल्या माणसाला संगणकाने रंगवलेली ती अंधारी लंका बघताना काय वाटलं असेल!

'हमशकल्स' (२० जून २०१४) मात्र उधारीच्या हिशेबात बसत नाही, तरी नाव घेतो. सैफ, रितेश आणि राम कपूर प्रत्येकी तीन भूमिकांत, म्हणजे नऊ जण, आणि विनोदाचं मुख्य साधन वेड्यांचं इस्पितळ. आजारी माणसाला हसवणं आणि आजारी माणसाला हसणं यात फरक असतो, तो इथे कोणाच्या गावीही नाही. तीनच आठवड्यांनी रितेशचा 'लय भारी' आला म्हणून बरं, चव तरी बदलली.

आता कोणी म्हणेल की मग जुन्या गाजलेल्या सिनेमांना हातच लावू नये. तसं नाही. 'अग्निपथ' (१९९०) आणि त्याचा २०१२ चा नवा अवतार शेजारीशेजारी बघा. हृतिकने अमिताभचा तो घोगरा आवाज काढायच्या फंदात न पडता आपला विजय चौहान गप्प, आत धुमसणारा केला. डॅनीचा सुटाबुटातला कांचा जाऊन संजय दत्तचा टकला राक्षस आला. मिथुनला फिल्मफेअर मिळवून देणारा कृष्णन अय्यर तर सरळ कापून टाकला, ज्याला हात लावायची हिंमत दुसऱ्या कोणी केली नसती. आणि जुन्या सिनेमात नावनिशाणीही नसलेला रौफ लाला आणून तिथे ऋषी कपूरला उभं केलं, ज्याला आपण जन्मभर स्वेटर घालून गाणी म्हणताना पाहिलं होतं.