पुढच्या गुरुवारची तारीख घ्यायची का?

प्रश्न : ताई नमस्कार. माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे, गावच्या संघातून कबड्डी खेळतो आणि पोलीस भरतीची तयारीपण चालू आहे. पाच आठवड्यांपूर्वी चढाईला गेला होता, कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरला, हा तसाच वळून रेषेकडे झेपावला आणि गुडघ्यात कट्कन आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. आधी गावातच आठ दिवस चोळून घेतलं, मग एमआरआय केला तर एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलंय आणि सांध्यातली आतल्या बाजूची गादी फाटलीय असा रिपोर्ट आला. सूज उतरलीय पण पाय पूर्ण सरळ होत नाही आणि पायरी उतरताना दोनदा गुडघा निसटला. एक डॉक्टर म्हणतात पुढच्या गुरुवारी ऑपरेशन करून टाकू, दुसरे म्हणतात महिनाभर व्यायाम करा मग बघू, मामा म्हणतात ऑपरेशनची गरजच नाही. भरतीचं ग्राउंड चार महिन्यांवर आलंय. आई रात्रभर त्याच्या गुडघ्याखाली उशी ठेवते, तेवढ्यानेच त्याला बरं वाटतं. कुणाचं ऐकायचं?
– एक बहीण, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून पहिली नजर त्या उशीवर गेली. आई मायेने ठेवतात आणि त्यालाही आराम वाटतो हे खरंय, पण रात्रभर गुडघा वाकलेला राहिला की तो तसाच आखडत जातो, आणि आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर नंतर तो अजून आखडतो, मग लिगामेंट नवं पण पाय वाकडा अशी गत होते. मी फिजिओ आहे, असे पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा फार जीव तुटतो, कारण यातलं बरंचसं टाळता आलं असतं.

आज एक करा. त्याला जमिनीवर सतरंजीवर उताणं झोपवा, दोन्ही पाय सरळ, आणि गुडघ्याच्या मागे तुमची बोटं घालून बघा. चांगल्या पायाखाली किती जागा आहे आणि दुखऱ्या पायाखाली किती, हा फरक वहीत लिहा. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा मोकळा लोंबू दे, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि तसंच पडून मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, पाच मोजायचे, सोडायचा. दुखापतीनंतर हा स्नायू अक्षरशः झोपी जातो, मांडी दोन आठवड्यांत बारीक दिसायला लागते. पाय सरळ ठेवून न वाकवता वर उचलता आला, सूज गेली, आणि गुडघा दुसऱ्या पायासारखा सरळ झाला की मग तो ऑपरेशनला तयार झाला असं आम्ही म्हणतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

पण एक गोष्ट आधी दोन्ही डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की पाय सरळ होत नाहीये तो आखडल्यामुळे की फाटलेल्या गादीचा तुकडा मध्ये येऊन अडकलाय म्हणून? बकेट हँडल प्रकारची, म्हणजे गादी बादलीच्या कडीसारखी सुटलेली, फाट असेल तर तुकडा सांध्यात अडकतो आणि गुडघा लॉक होतो, तिथे महिनाभर व्यायाम करत बसायचं नाही, गादी शिवण्यासारखी आहे तोवर लवकर ऑपरेशन लागतं. तसं असेल तर गुरुवारवाले डॉक्टर बरोबर आहेत. एमआरआयची फिल्म घेऊन जा, नुसता कागद नको. आणि हे उत्तर मिळेपर्यंत पाय जोर लावून दाबून सरळ करायला जाऊ नका, चोळणं तर पूर्ण बंद. काही तासांत फुगलेला गुडघा म्हणजे बहुतेक वेळा आत रक्त साचलेलं असतं, त्यावर मालीश करून फायदा नाहीच.

मामांचं म्हणणं अगदीच चूक नाही बरं का. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, 2013 मध्ये त्याचे पाच वर्षांनंतरचे निकाल आले, त्यात आधी नीट व्यायाम आणि गरज लागली तरच ऑपरेशन असा जो गट होता, त्यातल्या साधारण निम्म्या लोकांना पाच वर्षांनंतरही ऑपरेशन लागलं नव्हतं. पण तुमच्या भावाचा गुडघा साध्या पायरीवर निसटतोय, गादी फाटलीय, आणि त्याला परत कबड्डी खेळायचीय ज्यात दर चढाईला गिरकी आहे. प्रत्येक वेळी गुडघा निसटला की गादी अजून कुरतडली जाते. त्याच्यासाठी ऑपरेशनच्या बाजूने माझं मत आहे, फक्त गुडघा तयार करून.

नवं लिगामेंट कुठून घेणार हेही विचारा. आपल्याकडे जास्त करून मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी घेतात, काही जण गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा हाडाच्या तुकड्यासकट घेतात, काही घोट्याकडची पेरोनियस नावाच्या स्नायूची दोरी घेतात. वाटीखालचा पट्टा घट्ट बसतो पण नंतर गुडघे टेकून बसताना पुढे दुखू शकतं. एकच एक बरोबर असं नाही, तुमचे सर्जन कुठलं नेहमी करतात ते महत्त्वाचं. गादी शिवली तर पहिले काही आठवडे वजन टाकण्यावर आणि वाकवण्यावर बंधन येतं, म्हणून घरी देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, खाट उंच करा, आणि जिना असेल तर हे पाठ करून घ्या की चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. खर्चाचं विचाराल तेव्हा दोरी हाडात बसवायच्या स्क्रू-बटणाचे पैसे वेगळे का ते लिहून मागा आणि नंतरच्या फिजिओचे पैसे आत्ताच बाजूला काढा, लोकं इथेच हात आखडता घेतात. महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशन कार्ड घेऊन त्यांना भेटा, हे ऑपरेशन त्यात बसतं का ते ते सांगतील.

घरी आल्यावर पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर फोनवर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटलला न्या.

आता भरतीचं. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय पण खोटा दिलासा देणार नाही, या वेळचं ग्राउंड त्याच्या हातून जाणार. बसवलेली दोरी लगेच लिगामेंट होत नाही, शरीर तिला हळूहळू आपलंसं करतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास ती सगळ्यात कमजोर असते, नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि पोराला वाटतं झालं आता. सरळ रेषेतलं हळू जॉगिंग साधारण तीन-चार महिन्यांनी, तेही मांडीत ताकद आली असेल तर. 1600 मीटर घड्याळ लावून पळणं त्याच्या बरंच पुढे. कबड्डी नऊ महिन्यांच्या आत नाहीच, आणि तेव्हाही एका पायावरची लांब उडी दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के जायला हवी. नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा 2016 चा एक अभ्यास आहे, त्यात नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतायला जितके महिने उशीर केला, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालेलं दिसलं. हा परिच्छेद त्याला स्वतःला वाचायला द्या, तुम्ही सांगितलंत तर तो चिडेल.

अन् आईंना उशी टाचेखाली ठेवायला सांगा, गुडघ्याखाली नको. पंधरा दिवसांनी परत सतरंजीवर झोपवून बोटं घालून बघा आणि वहीतला पहिला आकडा आणि नवा आकडा दोन्ही मला कळवा.