ख्रिसमस ट्रीची घरगुती सजावट : पहिल्या वर्षी एवढेच करा

पहिल्याच वर्षी दहा प्रकारच्या वस्तू करायला घेऊ नका. दोन रंग आणि दोन-तीन प्रकार ठरवा व त्यांनाच धरून राहा, कारण झाड देखणे दिसते ते साहित्याच्या किमतीमुळे नव्हे, तर तीच वस्तू पुन्हापुन्हा दिसल्यामुळे.

सुरुवात संत्र्याच्या चकत्यांनी करावी. सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापडाने टिपून, ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसला तीन-चार तास, मधूनमधून उलटत सुकवाव्यात. घाईने तापमान वाढवले की कडा करपतात आणि मधला गर ओलाच राहतो. अशा चकतीला पुढे बुरशी लागते (माझा पहिला घाणा असाच वाया गेला). नीट सुकलेली चकती उजेडासमोर धरली, तर रंगीत काचेसारखी उजळते, म्हणून ती दिव्यांजवळ टांगावी.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

- चमकी सढळ हाताने वापरणे. ती महिनोन्‌महिने घरभर सापडत राहते आणि कागदी चांदणीची रेखीव घडी झाकून टाकते.
- दिव्यांची माळ शेवटी लावणे. माळ आधी गुंडाळावी, मग मोठ्या वस्तू खोडाजवळ आणि लहान वस्तू फांद्यांच्या टोकांना बांधाव्यात.

रंगकाम, मेणकाम वगैरे पुढच्या वर्षी पाहू.