काका जिना चढतात आणि मी लिफ्टपाशी मान खाली घालून उभी असते

ताई, मी ४३ वर्षांची आहे, दिवसभर खुर्चीत बसून काम. दोनदा जिम लावली, दोन्ही वेळा दीड महिन्याच्या वर टिकले नाही. कुणीतरी म्हणालं की म्हातारपणी फिट असलेल्या लोकांना बघ, आपोआप मोटिव्हेशन येतं. म्हणून ऐंशी-नव्वदीतल्या लोकांचे पळतानाचे, वजन उचलतानाचे व्हिडिओ बघायला लागले. झालं उलटंच, बघून लाज वाटते. आमच्या बिल्डिंगमधले एक काका ७४ वर्षांचे आहेत, रोज सकाळी पाच मजले जिन्याने चढतात आणि मी तिथेच लिफ्टची वाट बघत असते. ते हसून विचारतात, "काय, निघालीस का?" आणि मी फोनमध्ये बघितल्यासारखं करते. घरी आई आहे, ६८ची. गुडघे दुखतात म्हणून तीन वर्षं जवळपास खुर्चीतच असते, काही म्हटलं की "आता माझं वय झालं" म्हणते. मला तिच्यासारखं व्हायचं नाहीये. हे लिहितानाही वाईट वाटतंय.
– लिफ्टवाली

अगं, वयाने बरीच मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणते, चालेल ना.

तुझं पत्र तीनदा वाचलं. जिमबद्दल लिहिलंयस, व्हिडिओंबद्दल लिहिलंयस, काकांबद्दल तर अगदी डोळ्यासमोर उभे राहतील असं लिहिलंयस, आणि आईबद्दल मोजून चार वाक्यं, तीही सगळ्यात शेवटी. मला वाटतं पत्र त्या चार वाक्यांसाठीच होतं. तिकडे येतेच मी, पण आधी काकांचं बघू.

लाज वाटते यात तुझा काही दोष नाही. तू काकांचा आजचा दिवस बघतेस आणि तो तुझ्या आजच्या दिवसाला लावून बघतेस, पण त्यांचा तो पहिला दिवस नाहीये ना, ते किती वर्षं हा जिना चढतायत, मध्ये किती वेळा सुटलं, पहिल्यांदा चढले तेव्हा दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले होते का, यातलं तुला काहीच माहीत नाही. व्हिडिओचं तर त्याहून वाईट. तीस सेकंदांत फक्त शेवट दाखवतात. नव्वदीच्या आजी वजन उचलतात, टाळ्या, संपलं. सुरुवात कशी झाली ते कुणी दाखवतच नाही, आणि तुला गरज आहे ती नेमकी सुरुवातीची.

म्हणून मी तुला फौजा सिंग यांचं सांगते. २०११ मध्ये टोरांटोला मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा पासपोर्टवरच्या तारखेप्रमाणे ते १०० वर्षांचे होते, हे बहुतेकांना माहीत असतं. (जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनीजने रेकॉर्ड मान्य केलं नाही, पण ४२ किलोमीटर तर ते चाललेपळलेच ना.) मला मात्र त्यातलं आधीचं जास्त महत्त्वाचं वाटतं. लहानपणी पाय इतके अशक्त होते की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना नीट चालता येत नव्हतं. आणि पळायला खऱ्या अर्थाने लागले ते ऐंशीच्या पुढे, बायको गेली, नंतर डोळ्यांसमोर मुलगा गेला, त्या दुःखातून बाहेर पडायला. पहिली मॅरेथॉन लंडनला, २००० साली, वयाच्या ८९व्या वर्षी. म्हणजे तू ज्याला 'जन्मजात फिट म्हातारे' समजून लाजतेस त्यातला हा माणूस तुझ्या वयाचा होता तेव्हा मॅरेथॉनच्या आसपासही नव्हता. मान कौर यांचंही तसंच, ९३व्या वर्षी सुरुवात केली, मुलाने आग्रह केला म्हणून, आणि २०१७ला ऑकलंडमध्ये १०१व्या वर्षी १०० मीटर पळून गोल्ड मेडल घेतलं. त्या वयोगटात त्या एकट्याच होत्या, स्पर्धा करायला दुसरं कुणी नव्हतंच. तरी त्या लाइनवर उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत गेल्या, आणि मला यातच सगळं आलं असं वाटतं.

आता मोटिव्हेशन या शब्दाबद्दल. तुझी समजूत अशी दिसते की या लोकांच्या आत काहीतरी पेटलेलं असतं आणि ते बघून तुझ्यातही पेटायला हवं. कॅनडाचे एड व्हिटलॉक होते, २००४ मध्ये ७३ वर्षांचे असताना त्यांनी तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केली, २ तास ५४ मिनिटं. आज तिशीतल्या बऱ्याच तयार लोकांनाही हे जमत नाही. ते सराव कुठे करायचे माहितीये? घराजवळच्या एका स्मशानभूमीत, त्याच त्या रस्त्यावर गोल गोल, तासन्‌तास, ना कोच ना काही. आणि सरावात मजा येते असं ते कधी म्हणायचे नाहीत, कंटाळवाणं काम आहे असंच सांगायचे, आवडायची ती शर्यत. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. एवढ्या मोठ्या धावपटूलाही रोज सकाळी उत्साह येत नव्हता, तो नुसता जायचा. कंटाळा आला तरी जायचा. तू दीड महिन्यात जिम सोडलीस तेव्हा "माझ्यात इच्छाशक्तीच नाही" असं म्हणाली असशील, हो ना? मला नाही तसं वाटत. उत्साह संपला आणि त्याच्या जागी सवय अजून आलेली नव्हती एवढंच. लंडनमध्ये सवयींवर एक अभ्यास झाला होता, २००९ला छापून आला, त्यात एखादी नवीन गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ लागले तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. तू दोन्ही वेळा पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास सोडलंस. जवळ आली होतीस गं.

मग म्हाताऱ्या माणसांकडून घ्यायचं काय? मी माझ्यापुरतं सांगते. माझ्या पन्नाशीत मी माझ्यापेक्षा १७ वर्षांनी मोठ्या एका बाईंबरोबर चालायला लागले. त्या प्रेरणादायी वगैरे काही बोलायच्या नाहीत, उलट अर्धा वेळ मुलांच्या तक्रारी. पण त्या ठरलेल्या वेळी खाली उभ्या असायच्या, आणि त्या उभ्या आहेत म्हटल्यावर मला जावंच लागायचं. त्यांच्या वेगाने चालायचो म्हणून मला धाप लागायची नाही, आणि धाप लागत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी नको वाटायचं नाही. ज्या दिवशी त्यांचं अंग दुखायचं त्या दिवशीही त्या यायच्या, फक्त निम्मं चालायच्या. ते निम्मं चालणं मी त्यांच्याकडून शिकले. आपल्या वयात आपल्याला वाटतं एक तर पूर्ण करायचं नाहीतर आजचा दिवस गेला. त्यांना माहीत होतं की पूर्ण सोडलं तर परत सुरू करणं जड जातं, म्हणून त्या थोडं का होईना करायच्याच.

हे बघून येत नाही, बरोबर राहून येतं. म्हणून व्हिडिओ बंद कर, महिनाभर तरी. आणि काकांशी बोल. "तुम्ही किती फिट आहात" असं कौतुक नको करूस, कौतुकावर माणूस हसतो आणि विषय संपतो. त्यांना विचार की जिन्याने चढायला कधी आणि का लागलात, आणि ज्या दिवशी नको वाटतं त्या दिवशी काय करता. हे दुसरं नक्की विचार. वयस्क माणसांना हे कुणी विचारत नाही, सगळे तब्येतीच्या कुरबुरीच विचारतात, त्यामुळे ते मनापासून सांगतील असं मला वाटतं. मग म्हण, "काका, एक मजला तुमच्याबरोबर येऊ का?" एकच. वरचे चार लिफ्टने जा, अजिबात लाजू नकोस. आठ-दहा दिवस एक, मग दोन. ते थांबतील तिथे तूही थांब.

एक सांभाळ मात्र. काका करतात ते सगळंच्या सगळं उचलू नकोस. त्यांचं शरीर त्या गोष्टीला वर्षानुवर्षं सरावलंय, तुझं नाही, आणि वयस्क माणसं कधीकधी "मी तर कधीच डॉक्टरकडे गेलो नाही" असंही सांगतात, ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं. इतकी वर्षं बसून काम झालंय तर एकदा बीपी, शुगर बघून घे. चढताना छातीत दुखलं, चक्कर आली तर थांब आणि डॉक्टरांना दाखव. बाकी आकडा हवाच असेल तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं बऱ्यापैकी वेगाने हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पण तो आकडा आज भिंतीवर लावू नकोस. आज एक मजला.

आता आई.

"मला तिच्यासारखं व्हायचं नाही" असं लिहून तुला वाईट वाटलं. मला त्यात आईबद्दल राग नाही दिसला, भीती दिसली, आणि तिच्यासाठी जीव तुटतोय तेही दिसलं. तू तुझ्या मनात दोन म्हातारपणं उभी केलीयेस, एक काकांचं जिन्यावरचं, एक आईचं खुर्चीतलं, आणि तुला वाटतंय यातलं एक निवडायचंय. पण आईचं ठरून गेलंय हे कुणी सांगितलं? ६८ आहे ती. फौजा सिंग यांच्या पहिल्या मॅरेथॉनपेक्षा २१ वर्षांनी लहान! तिने पळावं असं मी म्हणत नाहीये, पण "वय झालं" हे वाक्य तिच्या तोंडून तू गेली तीन वर्षं ऐकतेयस आणि मला वाटतं आता तुलाही ते खरं वाटायला लागलंय, तिच्याबद्दल आणि थोडं स्वतःबद्दलही.

१९९०चा एक प्रयोग आहे, अमेरिकेतला. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणारे १० जण, सरासरी वय ९०, त्यातले बरेच काठी घेऊन चालणारे, पडायची भीती असलेले. त्यांच्याकडून डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी पूर्ण केला त्यांच्या पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. एका पावलाला लागून पुढे दुसरं पाऊल टाकत सरळ रेषेत चालण्याचा वेग वाढला. दोघांनी काठी सोडली. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येत नव्हतं अशा तिघांपैकी एकाला उठता यायला लागलं. नव्वदीत! आणि व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद परत ३२ टक्क्यांनी उतरली, हेही त्यात आहे, म्हणजे सोडलं की जातं, पण केलं की येतं, वय कितीही असो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझ्या स्वतःच्या आईबद्दल विचार करत बसले होते, तिच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर.

गुडघेदुखीत हलू नये असं पुष्कळांना वाटतं, पण गुडघ्यांच्या झिजेत पाय आणि मांड्यांचा बेताचा व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो. आईला एकदा हाडांच्या डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे ने, गुडघे कशाने दुखतायत ते बघून काय करायचं ते त्यांना ठरवू दे. तू घरी मनाने काही सुरू करू नकोस. आणि तिला भाषण देऊ नकोस गं, प्लीज. "बघ ते काका ७४चे आहेत" हे तर अजिबात नको. तुला काकांना बघून जी लाज वाटली तीच तू तिला देशील.

त्यापेक्षा तिच्याकडून मदत माग. खुर्ची भिंतीला टेकवून ठेव म्हणजे सरकणार नाही, हात छातीवर घे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहून परत बसता येतं ते कर. आईला सांग, तू घड्याळ लाव आणि मोज. रोज त्याच वेळी. किती झाले ते तिनेच वहीत लिहायचं, तिच्या अक्षरात. पहिल्या दिवशी तुझ्या मांड्या भरून येतील आणि तिला ते दिसेल, ४३ वर्षांची मुलगी धापा टाकतेय हे तिला दिसू दे, लपवू नकोस. तिला तीन वर्षांत बहुतेक पहिल्यांदा वाटेल की आपलं कुणाला काम आहे. मग फिजिओने तिला जे सांगितलं असेल ते ती करेल तेव्हा तू मोज. तिचे हात धरून दोन झाले तर दोन लिही.

ती नाही म्हणाली तरी मोजायला बसेल, आई आहे ती.

वहीतला पहिला आकडा मला कळव, आणि काकांनी त्या दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं तेही. आणि उद्या सकाळी त्यांनी "काय, निघालीस का?" विचारलं की फोन पर्समध्येच असू दे.

– तुझी ताई