पियाजे पाठ करण्याआधी दोन पेले घे

अगं, बी.एड.ला बालमानसशास्त्र पहिल्यांदाच आलंय ना? मग पियाजे या मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या विचारांच्या वाढीचे जे टप्पे सांगितलेत, त्यांची नावं घोकत बसू नकोस. कोल्हापूरच्या गंगावेशीतनं दूध आण, शेजारचं चार वर्षांचं पोर समोर बसव. दोन सारख्या पेल्यांत सारखं दूध. मग एकातलं उंच, निमुळत्या पेल्यात ओत. बहुतेक वेळा पोर म्हणेल, "ह्यात जास्त." हसू नकोस, चूकही काढू नकोस. का वाटलं ते विचार. दूध तेवढंच असलं तरी पोर दिसतं त्यावरनं ठरवतं; पियाजेचा २ ते ७ वर्षांचा टप्पा तिथंच कळतो. वायगोट्स्की हा दुसरा मानसशास्त्रज्ञ, जन्म पियाजेसारखाच १८९६ चा, पण त्याचा भर सोबतीवर: तू बोट धरलंस तर पोर कुठवर जातं? आणि दहावीतल्या दंगेखोरांवर चिडण्याआधी आठव, कपाळामागचा, आवर घालणारा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. फ्रॉइड नंतर वाच, घाई नाही.