नोकरी सांभाळून विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग अर्धवेळ शिकवणं जमेल का?

जमेल, पण विषय रोजच्या कामातलाच घ्या. डिझाइनमध्ये असाल तर मशीन डिझाइन मागा. थर्मोडायनॅमिक्स नव्याने वाचून शिकवायला गेलात तर सुट्टीचे दिवस गेलेच म्हणून समजा. मानधन बहुधा तासावर असतं, त्यात पेपर तपासणं धरलंय का ते आधीच विचारा. कंपनीची लेखी परवानगीही घ्या.

तुमची खरी जमेची बाजू म्हणजे तुटलेले पार्ट! फटिगने, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने, तुटलेला शाफ्ट वर्गात फिरवा. की-वेच्या, म्हणजे शाफ्टवरच्या खाचेच्या, कोपऱ्यातून सुरू झालेली भेग, तिथून पसरलेल्या गुळगुळीत कमानी आणि शेवटी एकदम तुटलेला खरबरीत भाग मुलांना बोटाने चाचपू द्या. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनचं, म्हणजे अशा कोपऱ्यात ताण एकवटण्याचं, सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहा. (पार्ट कोणत्या ग्राहकाचा, हे मात्र सांगू नका.)